सव्वादोन इंचांची सायकल

मी थोडं वाढवून सांगतो, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. बारामतीच्या स्टँडवर दिसलेला उंदीर इंदापूरला पोचेपर्यंत माझ्या तोंडी घूस झालेला असतो. पण ह्या सायकलीची गोष्ट सांगताना माझी उलटीच पंचाईत होते. ही मला कमी करून सांगावी लागते, नाहीतर कुणी विश्वास ठेवत नाही.

नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं. आमचं गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर. माझी थोरली बहीण झेडपीच्या शाळेत मास्तरीण झाली, आमच्या वस्तीतली सरकारी नोकरीची पहिली बाई. शाळा कळंबच्या अलीकडं, कालव्याच्या कडेच्या एका वस्तीवर, घरापासून नऊ किलोमीटर. सकाळची एसटी तिला सव्वाअकराला सोडायची आणि शाळा भरायची साडेदहाला. पहिलं वर्ष हेडमास्तरांनी दातओठ खात काढलं. उन्हाळ्याच्या सुट्टीला शाळा सुटली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "बाई, जूनपासून साडेदहाच्या आत सही झाली नाही, तर मी वर कळवणार." वर कळवलं म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे वेल्ह्याचे डोंगर. ताईचा डावा पाय लहानपणच्या पोलिओनं बारीक आणि आखूड राहिलेला. रोज डोंगर चढून शाळेत जाणं तिला जमणारं नव्हतं. म्हणजे नोकरी सुटणार, एवढी सरळ गोष्ट होती.

"मी सोडतो की रोज," मी म्हणालो. मी तेव्हा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होतो.

"आन तुझी पाळी बदलली की?" ताई म्हणाली. "आन मी कुणाच्या कॅरियरवर बसून शाळंत जाणार न्हाय. पोरं म्हणतील, बाईंचं पार्सल आलं."

मोपेड घ्यावी म्हटलं, तर तीसुद्धा आधी पायडल मारून चालू करावी लागायची. तिच्या मापाची सायकल बांधून घ्यायची, असं शेवटी ठरलं. ठरवलं मीच. सायकलीतलं जगात आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं मी त्या वयात गावभर सांगून ठेवलं होतं.

इथं आमच्या घरातली एक रीत सांगितली पाहिजे. ताईचा पाय आखूड आहे, असं आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. "पाय जरा दुखतोय तिचा," एवढंच म्हणायचं. सव्वीस वर्षं तो जरा दुखत होता. तिला बघायला पाहुणे यायचे तेव्हा आई तिला आधीच सतरंजीवर बसवून ठेवायची, आणि पाहुणे बैलगाडीत बसून वेशीबाहेर जाईपर्यंत उठू द्यायची नाही. एकदा पाहुणे जेवायला थांबले, रात्रीच्या मुक्कामाच्या गोष्टी करायला लागले, आणि ताई दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मूर्तीसारखी बसून. फोटोग्राफरकडं नेलं तेव्हा साडीच्या निऱ्यांखाली डाव्या पायाला एक फरशी दिली होती. त्या फोटोत ताई इतकी ताठ उभी आहे की बघणाऱ्याला वाटावं, आता झेंडावंदन सुरू होणार.

बारामतीत बाजाराच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारा मिस्त्री बसायचा. सगळे त्याला चाचा म्हणत. दूधवाल्यांच्या सायकली बांधाव्यात तर त्यानंच. चार कॅनी, वर गवळी, गवळ्याच्या मागं त्याचा मेहुणा, आणि तरी ती सायकल चढाला ट्रॅक्टरला मागं टाकायची. चाचाच्या हातची सायकल नुसती भिंतीला टेकवली तर भिंत सरळ होते, असं मी सांगत असे, आणि ऐकणारे माना डोलवत.

"कुणासाठी?" चाचानं विचारलं.

"बहिणीसाठी. मास्तरीण हाय."

"उंची?"

मी माझ्या खांद्याला हात लावून दाखवली.

"पाय?"

आता बघा. समोर मिस्त्री, विचारतोय कामाचं. पण सव्वीस वर्षांची सवय तोंडात आधी आली. "पाय चांगले हायत," मी म्हणालो. "दोन्ही. कधीमधी जरा दुखत्यात."

चाचानं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि तो झाडाकडं वळला. लिंबाला जुन्या फ्रेमी टांगलेल्या होत्या. तो एकेक काढायचा, कोळीण बाजारात मासा उलथापालथा करते तशी उलटीपालटी करायचा, नखानं टिचकी मारायचा आणि कान लावायचा. मी शहाणपणानं समोरच्या सायकलच्या दुकानातल्या नव्याकोऱ्या लेडीज फ्रेमकडं बोट दाखवलं. जांभळा रंग, वर सोनेरी वेलबुट्टी.

"ही मांडवात चांगली दिसंल," चाचा म्हणाला. "कालव्याच्या रस्त्याला हिचे सांधे आठवड्यात बोलायला लागतील. तुमी असं करा, इंदापूरला जावा. तितं माझ्या साडूकडं एक जुनी फ्रेम पडलीय, एका नर्सबाईची. दांडी एकदम खाली हाय, साडी नेसून पाय उचलावा लागत न्हाय. तीस वर्षं बाळंतपणं केली त्या सायकलीनं."

मी इंदापूरला गेलो. फ्रेम कोंबड्यांच्या खुराड्यावर पडली होती, वर एक खुडूक कोंबडी बसलेली. कोंबडीनं मला, आणि मी कोंबडीला, अर्धा तास समजावलं. तांबारलेल्या फ्रेमला टिचकी मारली आणि चाचासारखा कान लावला. देवळातली घंटा वाजवून झाल्यावर मागं जो आवाज राहतो, तो तिच्यातून येत होता. येताना एसटीत ती गळ्यात अडकवून बसलो. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, फ्रेममधला फोटो काढायचा का?"

पुढचं सगळं चाचानं निवडलं. चाकं चोवीस इंची, म्हणजे बुटक्या माणसाची टाच जमिनीला लागते. तारा दूधवाल्यांच्या जाडीच्या. साडी चेनमध्ये जाऊ नये म्हणून चेनला पुरं झाकण, मागच्या चाकाला जाळी. हँडल गाईच्या शिंगांसारखं मागं वळलेलं, म्हणजे पाठ वाकायला नको. प्रत्येक गोष्ट तो हातात तोलून बघायचा आणि मग लावायचा किंवा मागं भिरकावायचा. भिरकावलेल्या सामानात माझी निवड जास्त होती. डायनामोचा मोठा दिवा, आरशांची जोडी आणि ट्रकवाल्यांचा गोंडा.

सायकल घरी आली. आईनं पाणी ओवाळलं. ताई बसली, मी मागून धरलं, ढकललं. पहिला फेरा. उजवं पायडल खाली गेलं आणि डावं वर आलं, इथवर झकास. मग डावं खाली जायला लागलं आणि ताईचा पाय हवेत राहिला. पायडल खाली, पाय वर, मधी सव्वादोन इंच मोकळी जागा. सायकल गोठ्याकडं गेली आणि ताई वैरणीत. कोपर सोलून निघालं.

आम्ही आठ दिवस रोज हेच केलं. आणि त्या आठ दिवसांत आमच्यातल्या एकानंही कारण तोंडातून काढलं नाही. आई म्हणायची, सीट जरा खाली घ्या. खाली घेतल्यावर ताईचा चांगला गुडघा हनुवटीला लागायचा. मी म्हणायचो, सरावानं येतं. शेजारचे तात्या म्हणाले, सायकलीला नजर लागलीय. शाळा उघडायला बारा दिवस उरले.

नवव्या दिवशी सकाळी ताई म्हणाली, "चल बारामतीला. सायकल घे एसटीच्या टपावर."

चाचा तारा कसत बसला होता. बाईमाणूस बघून त्यानं रीतीप्रमाणं नजर हँडलवर ठेवली आणि तिथंच ठेवून विचारलं, "काय झालं बाई?"

"चाचा, इकडं बघा," ताई म्हणाली. तिनं भर बाजारात डाव्या पायाची चप्पल काढली आणि साडी घोट्याच्या वर वीतभर उचलली. "ह्या पायाचं माप घ्या. हा आखूड हाय. भावानं तुमाला खोटं सांगितलं."

ते वाक्य तिनं घरातसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं.

चाचानं पाना खाली ठेवला. "तुमच्या भावानं 'दोन्ही' असं म्हणलं, तवाच मी वळाखलं," तो म्हणाला. "पाय खरंच चांगले असले की कुणी दोन्ही म्हणत न्हाय. पण बाईच्या पायाचं मी कसं इचारू? ते म्हणले दुखतोय, मी म्हणलं दुखत असंल."

म्हणजे आमची लाज आणि त्याची अदब, दोघांनी मिळून एक मोडकी सायकल बांधली होती.

मग त्यानं जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलं, म्हणून सांगतो. सायकल स्टँडवर चढवली, ताईला सीटवर बसवलं. जुन्या टायरचे तुकडे कापून एकेक तिच्या डाव्या तळव्याखाली सारायला लागला. "टेकला?" "न्हाय." अजून एक. "आता?" "टाच लोंबतीय." अजून एक. सगळं डोळे झाकून, बोटांनी. मी तिथं पापणी लववली नाही. सातव्या तुकड्याला ताईचा चेहरा बदलला. आयुष्यात पहिल्यांदा तिचे दोन्ही पाय एकाच उंचीवर कशावर तरी टेकले होते, फरशी न लपवता.

त्या मापाचा बाभळीचा ठोकळा तासून त्यानं डाव्या पायडलला बसवला, वर बैलाच्या पट्ट्याचं चामडं मारलं, पाय निसटू नये म्हणून. तरी चाचाचं समाधान होईना. "पाय पोचतोय, पर त्यात जोर न्हाय. मोठा फेरा तो मारणार न्हाय." मग लहान मुलांच्या सायकलीतली आखूड क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, काढली आणि फक्त डाव्या बाजूला लावली. उजवा पाय मोठा गोल काढणार, डावा लहान. असली सायकल मी बघितली नव्हती आणि ब्रह्मदेवानंही बघितली नसावी.

"अजून एक," चाचा म्हणाला आणि मागचं फ्रीव्हील वेल्डिंगनं पक्कं करून आणलं.

"अवो, असं केल्यावर पायडल थांबायचंच न्हाय," मी म्हणालो. "चाक फिरतंय तवर पाय फिरत राहणार."

"त्येच पायजे. एकदा चाकाला वेग आला की चाकच पायडल वर आणतंय. बाईंच्या डाव्या पायानं काय करायचं, तर नुसतं बसून जायचं. सायकल त्याला घिऊन फिरंल." मग पहिल्यांदा तो सरळ ताईकडं बघून बोलला. "उताराला ब्रेक धरून ठेवायचा बाई. भ्यायचं न्हाय."

घराजवळच्या पुलाच्या कठड्यावरून ताई सायकलीवर चढायला शिकली. पहिले तीन दिवस मी कॅरियर धरून पळालो. चौथ्या दिवशी कॅरियर माझ्या हातातून निघून गेलं. तिचे पाय खाली मशीनसारखे चालले होते, एक मोठ्या गोलात, एक लहान, आणि वर ताई अशी स्थिर की डोक्यावर भरली घागर दिली असती तरी थेंब सांडला नसता. रस्त्याकडेला उसाला पाणी देणारे दोघं फावडी टेकून उभे राहिले. त्यातला एक आईला नंतर म्हणाला, "तुमची लेक हसत गेली वो." आईनं पदर तोंडाला लावला. मग ताठ होऊन ती म्हणाली, "व्हय. डावा पाय आखूड हाय तिचा. आन बघा."

शाळा उघडली त्या दिवशी मी माझ्या सायकलीवर मागं राहिलो, पडली तर उचलायला. कालव्याच्या कडेनं नऊ किलोमीटर. चौथ्या किलोमीटरला मला धाप लागली, सहाव्याला ती ठिपका झाली, आणि पुढं बगळ्यांत बगळा. शाळेशी पोचलो तेव्हा ताई व्हरांड्याच्या पायरीवर बसून वीस मुलांना पाढे म्हणायला लावत होती. सायकल अंगणात सगळ्यांना दिसेल अशी उभी, बाभळीचा ठोकळा उन्हात चकाकत. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

हेडमास्तर पावणेअकराला आले. सायकलीभोवती एक फेरी मारली, ठोकळ्याला बोट लावलं, घड्याळ बघितलं, खिशातून पेन काढलं आणि हजेरीपुस्तक स्वतःच्या आधी ताईपुढं सरकवलं.

संध्याकाळी मी पुलापाशी वाट बघत उभा राहिलो. लांबून ती येताना दिसली आणि मी थांबवायला हात वर केला. तिनं वेग जरासुद्धा कमी केला नाही.

"उतरले तर परत चढावं लागंल," जाता जाता ती म्हणाली. "तू ये मागनं."