पाय रोवायची पट्टी

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. विषय निघालाच तर ‘म्हातारा घसरला’ एवढं म्हणून मोकळा व्हायचो. ते खोटं होतं.

भवानी पेठेतला कारखाना बंद पडला तेव्हा मी तिथे जॉबर होतो, म्हणजे कापड विणायच्या मागांची दुरुस्ती करणारा. नंतर तलावावरच्या वल्ह्यांच्या बोटी दुरुस्त करायचं काम मिळालं. तिथले सर्वांत जुने नावाडी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना मामा म्हणायचे.

वल्हवणारा माणूस बोटीच्या तळाला बसवलेल्या आडव्या पट्टीवर पाय रोवून जोर लावतो. मामांच्या बोटीतली पट्टी हलायला लागली होती. स्क्रू भोकात नुसते गरगर फिरत होते.

‘‘जॉबर, आरपार बोल्ट मार की. खालनं लोखंडाची पट्टी दे.’’

त्यासाठी तळाच्या फळ्या उचलाव्या लागल्या असत्या. रविवार होता, काठावर गर्दी होती. शिवाय कुणी शिकवलेलं मला खपत नसे.

‘‘मामा, मी जन्मभर माग सांभाळलेत.’’

‘‘माग कोरड्यात असतो रं. हितं तळाला पानी हाय.’’

मागावर स्क्रूचं भोक मोठं झालं की आम्ही स्क्रूला सुताचे फेर देऊन, सरस लावून आवळायचो. वर्षानुवर्षं हलत नसे. मी तेच केलं. ओढून पाहिलं, घट्ट. ‘‘आता हत्ती बसवा,’’ म्हणालो.

पंधरा दिवसांत ओल्या फळीतलं सूत कुजलं. रिकामी बोट काठाला आणताना मामांनी जोर लावला आणि पट्टी उखडली. ते मागच्या बाकाच्या कडेवर आदळले. उजवं मनगट मोडलं.

बोटींचा ठेकेदार येईपर्यंत मी भोकांतलं काळं पडलेलं सूत खरवडून पाण्यात टाकलं होतं.

‘‘पट्टी नीट बसवली होती ना?’’ त्याने विचारलं.

‘‘होय. मामांचे पाय लांब आहेत. पट्टी सरकवायला त्यांनीच स्क्रू ढिले केले असतील.’’

मामांचं काम गेलं. हात गळ्यात अडकवून ते आपला डबा न्यायला आले, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘काय जॉबर, म्या ढिलं केलं व्हय?’’

मी पाना पुसत राहिलो. कुणीतरी म्हणालं, ‘‘मामा, तुमचं पाय लई लांब झालं!’’ सगळे हसले. मीही हसलो.

दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या घरी, होटगीला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. मनगट वाकडंच जुळलं होतं. डाव्या हाताने त्यांनी मला चहाची बशी दिली.

‘‘काय काम काढलंस?’’

‘‘इकडं आलो होतो. म्हटलं, भेटावं.’’

‘‘बरं केलंस की. तलावाला पानी किती हाय?’’

मी सांगितलं. मग ते माझ्याकडे बघत थांबले. मी परतीच्या गाडीची वेळ विचारली. ते स्टेशनापर्यंत सोडायला आले.

गेल्या वर्षी मामा वारल्याचं कळलं. होटगीला गेलो त्या दिवशी गाडी सुटेपर्यंत जे माझ्या तोंडातून निघालं नाही, ते असं: मामा, तुम्ही काहीच ढिलं केलं नव्हतं. तुमचं मी ऐकलं नाही आणि माझी चूक तुमच्या माथी मारली. मला माफ करा.