घरचं नाव

"घरी काय म्हणतात तुमाले?"

बस नागपूरच्या सक्करदरा चौकातून निघाली की त्यांचा पहिला प्रश्न हा असे. पाण्याच्या बाटल्या, दुपारचं जेवण, परतायची वेळ, हे सगळं नंतर. हातात निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन ते प्रत्येक सीटपाशी थांबायचे, मान किंचित तिरपी करायचे आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाहीत.

तुम्हीही अशा सहलींना गेला असाल. गाइड नाव विचारतो ते यादीवर खूण करायला. यांच्या खिशात कंपनीने दिलेली यादी असायची, पण ती ते उघडत नसत. त्यांना घरचं नाव हवं असे, लहानपणी हाक मारायचं.

मी पहिल्यांदा गेलो तो रविवारच्या पुरवणीसाठी. एका दिवसात तीन किल्ले अशी ती सहल होती. सकाळी उमरेड, दुपारी भिवापूर आणि त्यापुढे पळसाच्या झुडपात दडलेला एक तिसरा किल्ला. या तिसऱ्याचं नाव मी इथे देत नाही. लोक रील काढायला जातील.

मला विचारलं तेव्हा मी बातमीखाली छापून येतं ते नाव सांगितलं.

"हे तं पेपरातलं झालं," ते म्हणाले. "माय काय म्हणे?"

मी हळू आवाजात सांगितलं. मागे कोणीतरी हसलं. त्यांनी गंभीरपणे लिहून घेतलं.

त्या बसमध्ये आम्ही एकोणीस प्रवासी होतो. बँकेतून निवृत्त झालेल्या, रुपेरी केसांच्या एक बाई 'बेबी' निघाल्या. मिहानच्या उद्योगवसाहतीतल्या कंपनीत काम करणाऱ्या पाच जणांपैकी सर्वांत धिप्पाड, दाढीवाल्या तरुणाने बराच वेळ टाळलं आणि शेवटी कबूल केलं की आजी त्याला 'छकुली' म्हणायची. दिवसभर त्याची सुटका झाली नाही. "ए छकुली, पानी दे वं इकडं," असं दर दहा मिनिटांनी ऐकू येत होतं.

स्वतः त्यांना सगळे 'भाऊ' म्हणत. वय साठीच्या आसपास, अंग सडपातळ, पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. किल्ला आला की ते दरवाज्यापर्यंत यायचे आणि उंबऱ्याबाहेर थांबायचे.

"माहे गुडघे गेले. मी इथूनच सांगतो, तुम्ही पाहून या."

आणि ते सांगायचे. आत गेल्यावर डावीकडे सात पावलांवर पायऱ्या. पायऱ्या तेरा. बाराव्या पायरीच्या दगडावर हत्तीचा अर्धाच पाय कोरलेला आहे, बाकीचा हत्ती दुसऱ्या कुठल्या तरी भिंतीत गेला. मी आत जाऊन मोजलं. तेरा पायऱ्या होत्या आणि बारावीवर अर्धा पाय होता. बाहेर आलो तेव्हा गुडघे गेलेला हा माणूस बसच्या मागच्या शिडीवरून टपावर चढून सुटलेली ताडपत्री बांधत होता.

निघताना ते वही उघडायचे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे मजेचं वाटे. बँकेतल्या बाईंना त्यांनी भर दुपारी खणखणीत आवाजात हाक मारली, "चाल वं बेबी, घरी चाल!" बाईंनी खुदकन हसून "आली" म्हटलं. "ये गा छकुली, घरी चाल!" यावर एकच हशा पिकला.

हसू ओसरल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आम्ही सगळे त्यांच्या पाठीमागे, बसजवळ उभे होतो. ते मात्र आमच्याकडे पाहत नव्हते. उंबऱ्याला बूट लावून, तोंड किल्ल्याच्या आतल्या बाजूला करून ते एकेक नाव रिकाम्या पटांगणात टाकत होते. आम्ही मागून "आलो" म्हणालो की वहीत टिंब द्यायचे.

"आम्ही तर इथे आहोत," मी म्हणालो.

"इथं आहे त्याले कायले हाक मारू?" ते म्हणाले. "आत राहून गेला असन त्याले मारतो."

तिसऱ्या किल्ल्यावर आम्ही साडेचारला पोचलो. हिवाळ्याचे दिवस, ऊन अजून होतं. दरवाजा शाबूत, तटाला भगदाडं, आत एक कोरडी विहीर आणि बोरीची झाडं. लिहिण्यासारखं फार नव्हतं. निघताना त्यांनी तशाच हाका मारल्या. मी सवयीने मोजत होतो. एकोणीस नावं झाली, एकोणीस वेळा ओ आली. त्यांनी वही मिटली. मग वही न बघता विसावी हाक मारली.

"बारक्या! चाल गा, घरी चाल!"

बसमध्ये बारक्या कोणी नव्हता.

ते थांबले. ड्रायव्हरने किल्ली लावली होती, पण इंजिन सुरू केलं नाही. तो स्टिअरिंगकडे पाहत बसला होता. झुडपात सातभाई पक्षी कलकलत होते, तेही थांबले. मी घड्याळ पाहिलं. अकरा सेकंद. मग त्यांनी उंबऱ्याला लावलेला पाय मागे घेतला, वळले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बसा, बसा. डिघोरी नाक्यावर गर्दी लागते."

पुरवणीतल्या लेखात मी ही विसावी हाक लिहिली नाही. तिचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

पुढच्या दोन वर्षांत मी चार-पाचदा त्या बसने गेलो. दर वेळी शेवटी एक नाव जास्त, दर वेळी तेवढंच थांबणं. ओ मी कधी ऐकली नाही.

एकदा मिहानमधली एक मुलगी कानात इअरफोन घालून ऑफिसच्या कॉलवर होती. त्यांनी तिला तीनदा हाक मारली, ओ आली नाही. "अहो भाऊ, बसली आहे ना ती बसमध्ये, चला आता," असं लोक ओरडले, तेव्हा त्यांनी नाइलाजाने पान उलटलं. बुधवारी तिचा त्यांना फोन आला. तो त्यांनी माझ्यासमोर घेतला, स्पीकरवर.

"काका, मी जेवण करून राहिली, काम करून राहिली, पण मी इथं नसल्यासारखं वाटून राहिलं. चवच लागून नाही राहिली कशाची."

"रविवारी ये बेटा," ते म्हणाले. "पुढची सीट तुही."

ती आली. हाक मारल्यावर तिने इतक्या मोठ्यांदा "आली!" म्हटलं की तटावरची कबुतरं उडाली. परतताना तिने भिवापूरला ठेच्यासोबत दोन भाकरी खाल्ल्या. ती बरी झाली एवढं मी सांगू शकतो. कशाने, ते नाही.

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. नागपूरच्या महाल भागापलीकडे, जुन्या हातमागवाल्यांच्या वस्तीत दोन खोल्या. वडील विणकर होते. मागाचा खड्डा पुढच्या खोलीत अजून होता, वर फळ्या टाकलेल्या. त्या फळ्यांवर खाट आणि खाटेवर पन्नाशी ओलांडलेला एक माणूस बसलेला होता. दाढी केलेली, केस नीट विंचरलेले, नजर दारातून बाहेर. मी नमस्कार केला. त्याने पापणीही हलवली नाही.

"हा बारक्या," ते म्हणाले. "माहा भाऊ."

त्यांनी ताटात वरणभात कालवला आणि एकेक घास त्याच्या तोंडात घालत, मधेमधे थांबत सांगितलं. मी ते त्यांच्याच शब्दांत देतो.

"मिरचीच्या हंगामात आमी भिवापूरच्या पुढं मामाच्या गावी राहो. तिथून माय भिवापूरले मिरचीचे देठ खुडाले जाय. आमाले संग ने. येताना बैलगाडी त्या तिसऱ्या किल्ल्यापाशी थांबे, आमी बोरं वेचो. निघताना माय दोघायले नावानं हाक मारे. ओ दिल्याबिगर गाडीत घेत नसे. अशा जागी माणूस घुटमळून जाते, म्हणे. त्या दिवशी तिच्या डोक्यावर गठुडं होतं. मले म्हणे, बारक्याले हाक मार. मी दहाचा, तो सातचा. त्यानं माही बोरं खाल्ली होती. मी रागात होतो. नाही मारली."

"मग तो तिथेच राहिला?"

"नाही जी. आला ना. गाडीत माह्या बाजूलेच बसला होता. खिडकीसारखी जागा राहते ना गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्यामागं, तिथं. पण रस्ताभर एक शब्द बोलला नाही. मले वाटलं, तोही रुसला."

तिसऱ्या दिवशी ताप आला. ताप गेल्यावर बारक्या उठून बसला, तो असा.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ताप मेंदूत गेला म्हणाले. खरंच असन. पण मी हाक नाही मारली, हेही खरंच आहे."

त्यांनी भावाचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं.

"त्याला तिकडे नेलं नाही कधी?"

"दोनदा नेलं. उंबऱ्यावर बसून जाते. आत पाहते. येत नाही, जातही नाही." मग फडकं पिळत, "म्हणून तं हे गाइडचं काम धरलं. दर रविवारी जाता येते."

मी गुडघ्यांचं विचारलं. ते हसले.

"माय होती तोवर ती यायची बसमध्ये, पुढच्या सीटवर. मी आत जाओ, निघताना ती मले हाक मारे. आता कोण मारन? माहं घरचं नाव घेणारे दोघंच. माय, अन् हा."

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या, "मले ठाऊक आहे. पण मी कशी घेऊ त्यायचं नाव? लग्नापासून अहोच म्हटलं."

यानंतरचं मी पाहिलेलं नाही. ड्रायव्हरने सांगितलं आणि मी त्याला दोनदा, वेगवेगळ्या दिवशी विचारून पडताळलं. मागच्या हिवाळ्यातला एक रविवार. तिसऱ्या किल्ल्यावर एका जोडप्याची पाच वर्षांची मुलगी दिसेना. आईबाप तटावर हाका मारत धावत होते. भाऊ उंबऱ्यावर उभे राहून "विहिरीकडं पाहा, विहिरीकडं!" म्हणून ओरडत होते, पण आत विहीर कुठे आहे ते कोणाला कळत नव्हतं. मग त्यांनी उंबरा ओलांडला. ड्रायव्हर म्हणतो, ते पळत गेले. काही मिनिटांनी मुलीला कडेवर घेऊन आले. ती कोरड्या विहिरीच्या काठावर बसून बोरं खात होती. "तिथं कोण होतं वं तुह्याजवळ?" असं ड्रायव्हरने तिला विचारलं. तिने एक बोर त्याला दिलं.

त्यांनी वही काढून सगळ्यांना हाका मारल्या. सगळ्यांनी ओ दिली. बारक्यालाही मारली. वही मिटून ते तसेच उभे राहिले. लोक बसमध्ये चढले तरी हलेनात. ड्रायव्हर अवघडला. त्याने मागून हाक मारली, "भाऊ, चला, घरी चला."

"भाऊ तं सगळेच असतात गा," ते म्हणाले, आणि बसमध्ये येऊन बसले. नागपूर येईपर्यंत बोलले नाहीत.

वहिनींनी सांगितलं की त्या संध्याकाळी ते दारातच उभे राहिले. काय झालं ते कळल्यावर त्या पदर सावरून दारात आल्या आणि म्हणाल्या, "अहो, घरी या." ते आत आले, पाणी प्याले. पुढचे दिवस जेवत होते. भाजी कशी झाली विचारलं की ताटाकडे पाहायचे. अकराव्या दिवशी सकाळी खुर्चीतच गेले. रक्तदाबाच्या गोळ्या आधीपासून सुरू होत्या. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. मी तो कागद पाहिला आहे.

घाटावर आम्ही पंचविसेक माणसं होतो. बारक्याला वहिनींनी हट्टाने पाठवलं होतं. त्याला कडेच्या बाकावर बसवलं होतं आणि मिहानवाला दाढीवाला छकुली त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. जावयाने अग्नी दिला. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन चांगलं तापलं होतं. सगळं झाल्यावर, मागे वळून न पाहता, आम्ही फाटकाकडे चालू लागलो. तुम्हाला हा रिवाज ठाऊकच आहे. मागे पाहायचं नाही, नाव घ्यायचं नाही, बोलवायचं तर नाहीच.

आम्ही दहाबारा पावलं गेलो असू. मागून हाक आली.

आवाज जाड होता, घोगरा, पण हेल सात वर्षांच्या मुलाचा. आधी एक नाव. तीन अक्षरांचं. आमच्यातल्या कोणीही ते पूर्वी ऐकलेलं नव्हतं आणि मी ते इथे लिहीत नाही. मग,

"चाल ना गा. घरी चाल."

आम्ही जागच्या जागी थांबलो. एक म्हातारे गृहस्थ "अरे, अरे, त्याले थांबवा" असं पुटपुटले, पण वळले नाहीत. कोणीच वळलं नाही. मीही नाही. बातमीदाराने पाहायला हवं होतं.

किती वेळ गेला ते मी या वेळी मोजलं नाही. मग पावलं वाजली आणि बारक्या आमच्या बाजूने पुढे निघून गेला, कोणाचा हात न धरता, सरळ. छकुली मागून धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता. बारक्याची मान वर होती आणि उजवा हात जरा मागे, मूठ अर्धी मिटलेली, कोणाचं तरी बोट धरल्यासारखी.

फाटकाबाहेर तीच सहलीची बस उभी होती. ड्रायव्हरने आणली होती. बारक्या सगळ्यांत आधी चढला. पुढच्या सीटपाशी थांबला, एका बाजूला सरला, जरा वाट पाहिली आणि मग खिडकीजवळची जागा सोडून बसला.

बस भरली. काही लोक उभे होते. ड्रायव्हरने आरशातून त्या सीटकडे एकदा पाहिलं आणि किल्ली फिरवली. त्या जागेवर कोणी बसलं नाही.