खंजिरीच्या चकत्या

चांगला आवाज कशाला म्हणतात हे मला दादानं शिकवलं, तेही मांडवाच्या शेवटच्या खांबाशी उभं करून. हिवरखेडला त्याची साउंड सर्व्हिस होती. भोंगे, एक अॅम्प्लिफायर, माइक आणि गुंडाळून ठेवलेली ढीगभर वायर. लग्न असो की भजन, तो मशीनपाशी बसायचा आणि मला लांब पाठवायचा, जिथे बायका चपला काढतात तिथे. मग तिकडून हात वर करायचा. म्हणजे, शब्द येऊन राहिले का? मी हात वर केला की येतात, आडवा हलवला की नाही. नाही म्हटलं की तो एखादा भोंगा वळवायचा नाहीतर माइक वीतभर मागं घ्यायचा. खंजिरीच्या भजनाला तर त्याची खटपट बघून लोक वैतागायचे. माइक जवळ ठेवला तर खंजिरीच्या कडेच्या पितळी चकत्या कानाला टोचतात, लांब ठेवला तर नुसतं कातडं ऐकू येतं. दादा म्हणायचा, "चकती टोचली नाई पायजे, पन हाय हे समजलं पायजे."

पुढे कपाशीनं सलग दगा द्यायला सुरुवात केली आणि गावाचा आवाजच खाली गेला. लग्नं दारातल्या दारात उरकायला लागली. एका घरात सुतक असताना शेजारच्यानं भोंगा कसा लावायचा? आणि अशी घरं तर वाढतच चालली होती. ज्यांच्याकडे चार पैसे होते ते अकोल्याहून डीजे आणायचे, त्यात छाती हादरायची पण शब्द कुणालाच कळायचा नाही. दादानं एकेक करून सामान विकलं आणि कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला लागला.

तिथल्या कान फुटतील अशा आवाजात सगळे कामगार कानात कापसाचे बोळे घालतात. दादानं कधी घातले नाहीत. मशीनचा आवाज ऐकला की कुठला रोलर घासतो, कुठलं बेअरिंग सुकलं हे त्याला कळायचं, आणि मालकापासून सगळे त्याला हाका मारत यायचे. कानाचं काम गेल्यावर निदान एवढा मान तरी कानामुळे मिळत होता. बोळे घातले तर तोही गेला असता. मी एकदा रागावले तर म्हणाला, "कान बंद करून कोनी मशीन आयकते का?" आणि हसला. मला त्याचा अभिमान वाटला होता तेव्हा. आता संताप येतो.

मी अमरावतीला नोकरी करत होते, माणूस गमावलेल्या शेतकरी घरांच्या सर्वेक्षणाची. त्या वर्षांत वऱ्हाडात दुसरं काही पिको न पिको, सर्वेक्षणं भरघोस यायची. जीपमधून धारणीकडे, एसटीनं अकोल्याकडे, घराघरात तेच प्रश्न आणि तीच उत्तरं. उत्तर देणारी बाई मध्येच गप्प व्हायची, आणि मी पेन हातात धरून बसून राहायची. संध्याकाळी परतताना बसमध्ये शेजारी बसलेलं माणूस पुन्हा तेच सुरू करायचं. मी थकले होते, दुसरा शब्द नाही त्याला. म्हणून हेडफोन घेतले. कानावर पूर्ण बसणारे, मोठे, हेल्मेट घातल्यासारखे दिसणारे. बसमध्ये लोक हसायचे, हसू देत.

प्लेअर घेतला अकोल्याच्या जुन्या शहरातून. मोर्णा नदीच्या पलीकडे एका गल्लीत एक चाचा रेडिओ दुरुस्त करायचे आणि मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे. आमच्याकडे कार्ड ठासून भरायची पद्धत. जितकी जास्त गाणी तितका दुकानदार चांगला. मग गाणी दाबून दाबून लहान केलेली, आणि त्यात आधी मरतात ते बारीक आवाज. मी सीडीवरून गाणी आहेत तेवढीच मोठी ठेवून उतरवायची. चाचांना ते बघवायचं नाही. "ताई, बोरा कापसाचा हाय अन् तुमी दोनच बोंडं टाकून राहिल्या." पण एकदा त्यांनी माझे हेडफोन कानाला लावले, बराच वेळ काढले नाहीत, आणि नंतर त्यावरून मला कधी बोलले नाहीत.

मग वहिनीचा फोन आला. दादा रस्त्यानं चालला होता, मागून ट्रॅक्टर हॉर्न वाजवत आला आणि याला पत्ता नाही. ट्रॉली घासून गेली, शर्ट फाटला, एवढ्यावर निभावलं. वहिनी म्हणाली, घरात हाक मारली तर वळून बघत नाही, आणि विचारलं तर म्हणतो तुमीच हळू बोलता. पुढच्या खेपेला काय होईल, हे ती बोलली नाही. मी रजा टाकली आणि त्याला अकोल्यात कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

तपासणी एका काचेच्या खोलीत झाली. कानाला हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होते. दादा कितीतरी वेळ बटण न दाबता बसून होता, डोळे मिटून, मांडवात बसायचा तसाच. डॉक्टर म्हणाले, जाड आवाज बरे आहेत, बारीक आवाज गेले, आणि शब्द कळतात ते बारीक आवाजांनीच. कानाचं मशीन लावा, लवकर लावा. एक लावूनही दाखवलं. दादानं ते लगेच काढलं.

बाहेर येऊन तो भडकला. "डब्यात तोंड घालून बोलते असा आवाज हाय तो. पत्र्यासारखा. असा आवाज मी कोनाच्या लग्नात लावला नाई, सोताच्या कानात लावू? अन् त्या डॉक्टरचे हेडफोनच भंगार. वरचा आवाज देतच नाई ते."

खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. आवाजाच्या बाबतीत दादा कधी चुकला नव्हता. डॉक्टर चुकू शकतात, हेडफोन खराब असू शकतात. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "माझे हेडफोन चांगले आहेत. चाल, त्याच्यावर ऐक." ते चाचांकडेच वायर बदलायला दिले होते. आम्ही पूल ओलांडून चालत गेलो. मी त्याला रस्त्याच्या आतल्या बाजूनं चालवत होते आणि प्रत्येक हॉर्नला मनात नवस बोलत होते.

दादा पूर्वी भोंगे दुरुस्तीला चाचांकडेच आणायचा. त्यांनी त्याला ओळखलं, जुन्या भोंग्यांची चौकशी केली, आणि गल्लीचा गलका आत येऊ नये म्हणून शटर अर्धं खाली ओढलं. मी मुद्दाम खंजिरीचं भजन लावलं. माझ्याकडचं सगळ्यात स्वच्छ ध्वनिमुद्रण, जुन्या पद्धतीचं, गाणारा आणि खंजिरी, दुसरं काही नाही. दादानं हेडफोन नीट बसवले, बोटांनी गादी दाबून पाहिली, वायर हलवून पाहिली. डोळे मिटले. आणि त्याचा चेहरा उजळला. "लय साफ हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "दमदार हाय. बाई, हे काम हाय!"

मी चाचांकडे बघून हसले. मला वाटलं, जिंकलो.

थोड्या वेळानं त्याच्या कपाळावर आठी आली. "हा कोन वाजवनारा हाय? त्याच्या खंजिरीच्या चकत्या काढून टाकल्या का? निस्तं कातडंच वाजून राह्यलं."

चाचा हातातल्या रेडिओत पाहू लागले. दादानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावर जे काही असेल ते त्यानं वाचलं. हेडफोन काढले आणि माझ्या डोक्यावर ठेवले. म्हणाला, "तू आयक. चकती वाजली का हात वर कर."

खंजिरीची थाप पडली. तिच्यामागे चकत्यांचा बारीक छन्, टोचत नव्हता, पण होता, अगदी त्याला हवा तसा. मी हात वर केला. पुन्हा थाप, पुन्हा हात. खोटं सांगावं असं फार वाटलं मला, हात आडवा हलवावा, म्हणावं की रेकॉर्डच खराब आहे. पण त्याच्यासमोर मी हात कधी खोटा केला नव्हता. दादा माझ्या हाताकडे बघत होता आणि गुडघ्यावर बोटानं ताल धरत होता, प्रत्येक चकती बरोबर जागेवर. भजन संपेपर्यंत माझा हात भरून आला आणि डोळेही.

त्यानं हेडफोनची वायर काळजीनं गुंडाळली, अजिबात पीळ पडू न देता, आणि माझ्या पिशवीत ठेवली. चाचांना सलाम केला. शटरखालून वाकून बाहेर पडताना म्हणाला, "चाल, त्या डॉक्टरचा दवाखाना बंद व्हाच्या आधी जाऊ."

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. "अन् आवाज?"

"पत्र्यासारखा तर पत्र्यासारखा," दादा म्हणाला. "शब्द तर येतीन."