गॅस बंद केल्यावर लिंबू

माझं अक्षर कुणाला दाखवण्यासारखं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच जमलं नाही. ही वही चुकून कुणाच्या हाती लागली तर तेवढं सांभाळून घ्यावं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे लिहायचा प्रसंग आला तो काकूंकडे, भाजीची यादी करायला. काकू सांगायच्या, मी लिहायची. यादीत पहिलं नाव कायम लिंबू. टोपलीत सहा लिंबं दिसत असली तरी पहिलं नाव लिंबूच.

काकू जन्मभर दिल्लीत राहिलेल्या. सरकारी कचेरीत कॅशियर होत्या. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, यजमान नव्हते, मुलगी बंगळुरात. करोलबागेतल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. माझे मालक सांगलीकडचे, इथे सोनं गाळायच्या दुकानात कामाला, म्हणून मीही इथे. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर आमची खोली. काकूंना मराठी चवीचं जेवण करणारी बाई हवी होती आणि मला हिंदी बोलावं लागणार नाही असं घर हवं होतं. तसं मराठीही मी फारसं बोलत नसे. काकू म्हणायच्या, "सुमन, तुझ्यापेक्षा आपला कुकर जास्त बोलतो."

त्या कुकरमध्येसुद्धा लिंबू असायचं. पिळून झालेली फोड तळाच्या पाण्यात टाकायची म्हणजे कुकर आतून काळा पडत नाही. भात मोकळा हवा तर चार थेंब. कांदा चिरला की हाताला. फोडीला मीठ लावून देवाची पितळी समई, निरांजन. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने नळावर पांढरा थर चढतो, त्याच्यावर फोड घासून अर्धा तास तशीच ठेवायची आणि मग पुसायचं. एवढं सगळं करून जी साल उरेल ती उन्हात वाळवून कपाटात. काकूंच्या साड्यांना कधी डांबरगोळ्यांचा वास आला नाही.

भाजीवाल्याकडे त्या एकेक लिंबू दाबून बघायच्या. पातळ सालीचं, हातात जड लागणारं. उन्हाळ्यात लिंबू इतकं महाग होतं की भाजीवाले ते नगावर देतात. तेव्हा एकदा तो वैतागून म्हणाला, "माताजी, नींबू है, सोना नहीं. इतना मत दबाओ." काकू दाबतच म्हणाल्या, "सोना दबाने से रस नहीं निकलता, भैया. नींबू से निकलता है, इसलिए दबा रही हूँ." माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला विचार, खरं की नाही." मी रस्त्यात हसले. मला आठवतं, कारण मी रस्त्यात हसत नाही.

पैसे देतानाची त्यांची एक सवय होती. कचेरीत नोटा मोजायला ओला स्पंज असायचा म्हणे. घरी स्पंज नव्हता. ओट्यावरच्या चिरलेल्या लिंबाला बोट टेकवायचं आणि नोटा मोजायच्या. माझा पगारही तसाच मोजून द्यायच्या, दोनदा. घरी गेल्यावर मालक नोटा नाकाशी धरून म्हणायचे, आला काकूंचा पगार.

पण काकूंची खरी शिस्त होती ती आचेची. पहिल्याच दिवशी मी वरण उकळत असताना त्यात लिंबू पिळलं, बियांसकट. वरण कडवट झालं. काकू काही न बोलता सगळं जेवल्या, मी ताटं घासून गेले. दुसऱ्या दिवशी वरणाला फोडणी बसल्यावर त्या ओट्याशी आल्या, स्वतः गॅस बंद केला, थोडं थांबल्या आणि मग लिंबू पिळलं. "आधी गॅस बंद, मग लिंबू. आच असताना पिळलं की कडू होतं. काल सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि मीही जरा रागात होते." बोलण्याचंही त्यांचं असंच. मुलीशी फोनवर वाजलं तरी फोन ठेवून द्यायच्या आणि उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायच्या.

मला त्यांच्याकडे तीन वर्षं झाली होती. काकूंच्या समईची चकाकी बघून खाली तळमजल्यावरच्या मॅडमनी मला विचारलं, दिवाळीच्या आधी आमच्याकडे साफसफाई करशील का. पुढे कायमचं काम मिळेल असंही म्हणाल्या. मी हो म्हणून मान हलवली. त्यांच्याकडे भिंतीलगत संगमरवरी देव्हारा होता, पांढराशुभ्र, पण पायरीवर तेलाचे आणि कुंकवाचे डाग. घरात कुणी नव्हतं. मला वाटलं, मॅडमनी बघितल्यावर थक्क व्हावं. मी वरून काकूंकडच्या फोडी आणल्या, मीठ लावून घासलं, आणि नळावर ठेवतो तशा त्या पायरीवर अर्धा तास ठेवून दिल्या.

पुसलं तेव्हा कुंकू गेलं होतं आणि त्याच्याबरोबर चकाकीही. पायरीभर फोडीएवढे गोल, खरखरीत, मेलेले डाग. मी पुन्हा पुसलं, तेल लावून बघितलं. ते तसेच.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली बसल्या आणि पायरीवरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, हा देव्हारा माझ्या सासूबाईंनी राजस्थानातल्या मकराण्याहून आणवला होता. मग म्हणाल्या की पॉलिशवाला सहा हजार घेईल, आणि उद्यापासून येऊ नकोस. सहा हजार म्हणजे तेव्हा माझे दोन महिन्यांचे पगार. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. गल्लीत एका घरी झालेलं दुपारपर्यंत दहा घरी कळतं. आणि वर काकूंना काय तोंड दाखवायचं? त्यांच्याच घरचं लिंबू, त्यांच्याच घरची बाई.

दोन दिवस मी कामावर गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी काकू आमच्या गच्चीवर आल्या. गुडघे दुखणारी बाई तीन मजले चढून आली आणि पाणी मागितलं. मालक घरी होते. ते काकूंना उगाच समजावल्यासारखं म्हणाले, "लिंबू म्हणजे पण तेजाबच की हो, काकू, ॲसिड. आमच्या दुकानात नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात, तेजाब कुठे सांडायचं नाही ते." काकूंनी पाणी संपवलं आणि जिना उतरल्या. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. काकूंनी यादी लिहायला सांगितली, लिंबू पहिलं. मग म्हणाल्या, "पॉलिशवाला येऊन गेला. पैसे मी दिलेत. तुझ्या नवऱ्याचं बिल्कुल बरोबर आहे. लिंबू कुठे लावायचं ते मी तुला शिकवलं, कुठे लावायचं नाही ते सांगायचं राहिलं. तेव्हा निम्मी चूक माझी. तीन हजार तुझे, जमतील तसे दे."

मी तीन हजार फेडले, दर महिन्याला पगारातून दोनशे. ते पुरे झाले त्या दिवशी काकू म्हणाल्या, "चलो, संपलं." माझं संपलं नव्हतं. पुढच्या महिन्यात मी दोनशे रुपये मिठाच्या बरणीखाली ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी ते माझ्या पिशवीत, कोथिंबिरीच्या जुडीत. मी पुन्हा ठेवले, त्यांनी पुन्हा घातले. शेवटी मी ठेवणं बंद केलं आणि घरी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकत राहिले. मॅडमच्या दारावरून रोज वर जावं लागायचं. पॉलिशने देव्हारा पुष्कळसा पहिल्यासारखा झाला होता, मॅडमही कधी कधी हसायच्या. मला मान वर करून हसता येत नसे.

मागच्या वर्षी काकूंच्या मुलीने त्यांना कायमचं बंगळुरास न्यायचं ठरवलं. सामान बांधायला मी आठ दिवस जात होते. जायच्या आदल्या दिवशी घरात दोन पातेली आणि गॅस एवढंच राहिलं होतं. वरण उकळत होतं. मी पिशवीतून नोटा काढून ओट्यावर ठेवल्या, शंभराच्या तीस.

काकूंनी बघितलं आणि मान हलवली. "सुमन, याचा हिशोब झालाय आपला."

मी त्या घरात एवढं लांब वाक्य कधी बोलले नव्हते. "काकू, निम्मी चूक तुमची असेल. पण मला तुम्हाला विचारता आलं असतं. फोडी न्यायला मी वर आलेच होते. न विचारता केलं ते माझंच. तुम्ही हे घेतले नाहीत तर तुम्ही गेल्यावरही मी त्या दारासमोरून खाली बघतच जाईन."

काकूंचा चेहरा लाल झाला. त्यांनी गॅस बंद केला, वरणात लिंबू पिळलं आणि उरलेलं अर्धं ओट्यावर ठेवलं. आम्ही दोघी जमिनीवर बसून जेवलो. नोटा तिथेच राहिल्या. मी त्या उचलल्या नाहीत आणि त्यांनीही मला उचल म्हटलं नाही.

सकाळी मी गेले तेव्हा खाली टॅक्सी उभी होती, मुलगी बॅगा नेत होती. स्वयंपाकघरात काकू चप्पल घालून ओट्याशी उभ्या होत्या. मला बघून त्यांनी कालच्या अर्ध्या लिंबाला बोट टेकवलं आणि नोटा मोजायला लागल्या. तीस झाल्या. पुन्हा बोट टेकवलं, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मग पर्समध्ये ठेवून चेन लावली.

"बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "सहा हजार, पूर्ण मिळाले."