कट्ट्यावरची हिरवी बाटली

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. अंगात येणं, दृष्ट, उतारा... सगळ्याची टर उडवत आले आणि अजूनही उडवते. फक्त ही एक गोष्ट आठवली की माझी बोलती बंद होते, म्हणून एकदाची लिहूनच टाकते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बी.एस्सी.साठी बारामतीला कॉलेजच्या होस्टेलवर होते. माझं गाव सांगवी, आणि रूममेट नसीम निमगाव केतकीची. तिच्या अब्बांचं तिथं बांगड्यांचं दुकान. घरातली कॉलेजला आलेली ही पहिलीच पोरगी. अब्बांनी बजावून ठेवलेलं, "तब्येतीची तक्रार आली की सामान बांधायचं आन् घरी यायचं." त्यामुळं ताप असला तरी ही बया मुकाट लेक्चरला बसायची.

कॅम्पसवरच विद्यार्थ्यांसाठी दोन खोल्यांचा दवाखाना होता. दुपारी गावातून डॉक्टर यायचे. पातळ औषध हवं असेल तर बाटली ज्यानं त्यानं आणायची. आणि रांगेत उभं कोण राहतंय? खिडकीच्या कट्ट्यावर बाटली ठेवली की आपला नंबर लागला! मग खुशाल लिंबाखाली गप्पा मारा. कंपाउंडर काका आतून ओरडायचे, "ए टॉनिकवाली! ए सॉसवाली, चल!" आमची बाटली सॉसची होती.

त्या आठवड्यात नसीमचं पोट दुखायला लागलं. उलट्या होत होत्या, पण डॉक्टरांना तिनं "थोडंसंच दुखतंय" असं सांगितलं. त्यांनी मेसच्या जेवणाला नावं ठेवली आणि लाल औषध दिलं. दुसऱ्या दिवशी ती उशी चावून कण्हत होती. "डॉक्टरांना बोलवू नकोस गं, अब्बांना कळवतील," एवढं एकच चाललेलं. शेवटी मी बाटली घेऊन निघाले.

कट्ट्यावर एकच बाटली होती. हिरवी, तोंडात चिंधीचा बोळा कोंबलेली. खाली पायरीवर एक पोरगी बसली होती. दोन वेण्या, परकरावर पुरुषाचा जुना शर्ट, जसा बायका रानात कामाला जाताना घालतात. मला वाटलं, कॉलेजच्या माळीकाकांची असेल.

"कुणाचं औषध?" तिनंच विचारलं.

"मैत्रिणीचं. पोट दुखतंय तिचं."

"हितं?" तिनं बेंबीच्या खाली, उजव्या अंगाला हात दाबला.

"हो गं, तिथंच!"

"मलाबी हितंच व्हतं. लई वरडले मी. मंग एकाएकी दुखायचं थांबलं."

"सुटलीस म्हणजे!"

"न्हाय गं..." ती माझ्याकडं बघत राहिली. "थांबलं म्हून समद्यांना वाटलं, बरी झाली. आई खुरपायला गेली."

उठून तिनं आपली बाटली मागं सरकवली. "तू जा फुडं. माझा नंबर काय, लागतच न्हाय."

तेवढ्यात काकांनी हाक मारली. औषध भरून घेतलं, वळले, तर पायरीवर कुणी नव्हतं आणि हिरवी बाटलीही नव्हती. गेली असेल म्हटलं.

खोलीत आले तर नसीम उठून केस विंचरत होती! "दुखायचं एकदम थांबलं बघ." शेजारच्या खोलीतल्या पोरी टाळ्या पिटत होत्या. माझ्या मात्र कानात एकच... आई खुरपायला गेली.

मी धावतच सुटले. डॉक्टर स्कूटरला किक मारत होते. त्यांना अक्षरशः हाताला धरून आणलं. नसीम माझ्या पाया पडायला लागली, "माझं शिक्षण संपंल गं!" मी खेकसले, "शिक्षण गेलं खड्ड्यात, आधी जग तू!" डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. कॉलेजची जीप मागवली. मागं मी आणि आडवी नसीम, पुढं डॉक्टर आणि ड्रायव्हर.

अपेंडिक्स फुटलं होतं. फुटल्यावर दुखणं काही वेळ थांबतं आणि माणूस फसतं, असं सर्जन म्हणाले. अजून उशीर झाला असता तर हाती लागली नसती. अब्बा आले, कॉरिडॉरमध्ये ढसाढसा रडले आणि डोळे पुसत मला म्हणाले, "परीक्षा कधी हाय हिची?"

नंतर मी त्या पोरीचा खूप शोध घेतला. कंपाउंडर काका म्हणाले, "तुझ्या पुढं बाटलीच नव्हती कुणाची." माळीकाकांना दोन्ही मुलगेच. दवाखान्याच्या आधी तिथं काय होतं म्हणून विचारलं, तर माळीकाका म्हणाले, "काय असणार? ज्वारीचं रान व्हतं."

मी स्वतःची समजूत घातली. अपेंडिक्सचं कुठंतरी वाचलं असेल, घाबरलेल्या डोक्यानं पोरगी उभी केली असेल. तेवढ्यावर मी गप्पही बसले असते. पण नसीमला बोलता यायला लागलं तेव्हा तिनं पहिलं काय विचारावं?

"ती पोरगी कुठाय गं? जीपमध्ये माझ्या पायाशी बसलेली... शर्ट घातलेली?"

मी तिला यातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

"काही बोलली ती?"

"सारखी हसत व्हती. म्हणत व्हती, आज माझाबी नंबर लागला."

याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. होस्टेलवर होते तोवर मी मात्र कट्ट्यावर बाटली ठेवताना पुढं एका बाटलीची जागा सोडायचे. पोरी हसायच्या. ती जागा कायम रिकामीच राहिली, आणि प्रत्येक वेळी ती रिकामी पाहून मला बरं वाटायचं.