पूर्वेची भिंत

चित्रकार मंडळींना वाटतं की प्रदर्शन त्यांच्यामुळे होतं. नई सडकेवरच्या आमच्या हॉलपुरतं सांगायचं तर हे साफ खोटं आहे. तिथे एकतीस वर्षं प्रदर्शनं झाली ती दिनकरराव सुर्व्यांमुळे. पोरं-पोरी चित्रं घेऊन यायची, तीन दिवस मिरवायची, फोटो काढायची आणि निघून जायची. चित्रं भिंतीवर चढवायची आणि उतरवायची ती दिनकररावांनी.

मी त्या हॉलची सेक्रेटरी, मंजिरी. पद ऐकायला मोठं, पण काम किल्ल्या सांभाळायचं आणि पोरांवर ओरडायचं. हॉल एका जुन्या मराठी ट्रस्टचा, पहिल्या मजल्यावर. खाली दौलतसिंहांचं साड्यांचं दुकान, तेही ट्रस्टचेच भाडेकरू. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची मुलं, नुकते बाहेर पडलेले डिझायनर, ज्यांना मोठ्या गॅलऱ्या दारात उभं करत नाहीत असे सगळे आमच्याकडे येत. त्यातले दोन-चार पुढे नावारूपाला आले. आता ते आम्हाला ओळख देत नाहीत, पण ते असो.

दिनकररावांचे पणजोबा शिंद्यांच्या घोडदळात होते. शिंदे की छावनी या आमच्या वस्तीतला कुठलाही मराठा दहा मिनिटांत हे असलं काहीतरी सांगतोच. दिनकरराव सांगत नसत. ते ज्या गिरणीत होते ती बंद पडली, तेव्हा त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत फ्रेमा करायला घेतल्या. लग्नाचे फोटो, देव, गेलेली माणसं. तिथून आमच्या हॉलमध्ये आले ते कायमचेच. हातात पातळी बघायची पाणसळ, कानावर पेन्सिल, खिशात सुतळीचा गुंडा. नाकावर माशी बसू देत नसत. एकदा एक पोरगा म्हणाला, "दादा, थोड़ा टेढ़ा चलेगा." दिनकररावांनी चित्र उतरवून त्याच्या हातात दिलं. म्हणाले, "तुला चालेल रे, भिंतीला नाही चालणार."

त्यांची एक रीत होती. प्रदर्शन रविवारी संपलं की सोमवारी सकाळी ते एकटे यायचे. सगळे खिळे उपटायचे, प्रत्येक भोकात बोटाने पुट्टी भरायची, पत्तीने सपाट करायची, पॉलिश पेपर मारायचा, वरून पांढऱ्या रंगाचा हात. दुपारी मी जावं तर त्या भिंतीत कधी कुणी खिळा ठोकला होता असं शपथेवरसुद्धा खरं वाटू नये. "नव्या पोराला कोरी भिंत मिळाली पाहिजे, ताई," ते म्हणायचे. "दुसऱ्याची भोकं त्याने का बघायची?" कॉलेजची मुलं त्यांना चिडवायची, दादा तो सबूत मिटाते हैं. मीही येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंड भरून सांगायची, आमच्या भिंती बघा. पुढे जे झालं ते या कोऱ्या भिंतींमुळेच झालं, आणि मला त्यांचा फार अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी दौलतसिंहांनी दुकान ऐसपैस करायला खालची मधली भिंत काढली आणि तिच्या जागी पूर्वेच्या भिंतीवर टेकवून लोखंडी गर्डर टाकले. ट्रस्टने परवानगी दिली. त्या ठरावावर माझीही सही आहे. पाहुण्यांना बसायला पुरेशा खुर्च्या आहेत का, याच्यावर त्या बैठकीत जास्त चर्चा झाली होती.

त्यानंतरच्या एका सोमवारी पूर्वेच्या भिंतीवर दिनकररावांना खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी खाली उतरणारी एक भेग दिसली. केसाएवढी. पूर्वेची भिंत ही आमची सगळ्यात चांगली भिंत, उजेड तिच्यावर पडतो, प्रत्येकाला तीच हवी असते. त्यांनी भेग बुजवली आणि रंग दिला. महिन्याभराने ती पुन्हा आली, वितभर लांब होऊन. त्यांनी पुन्हा बुजवली.

पण माणूस काचेतला. फ्रेमेच्या काचेची उरलेली बोटभर पट्टी त्यांनी भेगेवर आडवी चिकटवली. भिंत हलली की काच तडकते. पहिली पट्टी सहा महिने टिकली. दुसरी दोन महिने. तिसरी तीन आठवडे. तडकलेली काच ते काढत, भेग भरत, नवी पट्टी लावत आणि ती चित्राच्या मागे येईल अशी बेताने झाकत. या जानेवारीत पट्टी आठवडाभरही टिकेना. इतकं सगळं चाललं होतं आणि मी त्याच भिंतीपाशी उभी राहून लोकांचे सत्कार करत होते.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण सोनिका. सोनिका त्यांची नात. आई-वडील इंदूरला, ही पाच वर्षं आजी-आजोबांकडे राहून आर्ट कॉलेजला शिकली. तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन फेब्रुवारीत आमच्याकडे ठरलं होतं. टोपी बाजारातल्या दुकानांची बंद शटरं तिने सकाळी सात वाजता जाऊन रंगवली होती, तेवीस चित्रं. दिल्लीहून एक बाई ती बघायला येणार होत्या. त्या दरवर्षी दोन नवे चित्रकार निवडून त्यांना वर्षभर तिकडे काम करायला जागा देतात. हॉल बंद झाला असता तर प्रदर्शन गेलं असतं, आणि त्या तारखांना शहरात दुसरी जागा नव्हती. भिंत दोन वर्षं उभी आहे, आणखी तीन दिवस उभी राहील, असा दिनकररावांनी हिशेब केला. नातीसाठी मीही तोच केला असता.

चित्रं लावायच्या दिवशी त्यांचं आणि सोनिकाचं वाजलं. तिला सात फुटी मोठं चित्र पूर्वेला हवं होतं. दिनकरराव म्हणाले, "तिथे कागदावरची हलकी लावू."

"आबा, मेन पीस वहीं जाएगा ना. लाइट वहीं है. तुम्हीच तर शिकवलंय."

मी सोनिकाची बाजू घेतली. मला काय, मोठं चित्र दारातून दिसलं की बरं दिसतं. दिनकरराव स्टुलावर चढले आणि खिळा धरला. एकाच ठोक्यात तो लोण्यात जावा तसा आत गेला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "बघा, किती पटकन झालं."

उद्घाटन शुक्रवारी संध्याकाळी पाचला. एरवी आमच्याकडे पंधरा-वीस डोकी येतात, त्या दिवशी सत्तर आली. सोनिकाचं अख्खं कॉलेज लोटलं होतं. पोरं पूर्वेच्या भिंतीला टेकून सेल्फी काढत होती. दिनकरराव मोठ्या चित्राच्या बाजूला पाठ लावून उभे होते आणि जवळ येईल त्याला हाताने मागे सारत होते. मी त्यांच्यासाठी चिवड्याची बशी घेऊन गेले. त्यांनी ती घेतली नाही.

"ताई, सकाळपासून दोन काचा फुटल्या."

"कुठल्या फ्रेमेच्या?"

तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं, आधी लिहिलं ते सगळं. घरातल्या कुणाचं दुखणं सांगावं तसं, खालच्या आवाजात. आणि मी काय केलं, तर दाराकडे पाहिलं. दिल्लीच्या बाई जिना चढून वर येत होत्या. मी म्हणाले, "दिनकरराव, एक तास. त्यांना बघू दे. मग मी सगळ्यांना बाहेर काढते."

ते पुन्हा भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी नाही म्हणावं म्हणूनच ते माझ्याकडे आले होते, हे मला आता कळतं.

वीसेक मिनिटं गेली असतील. बाई चौथ्या चित्रापाशी होत्या. भिंतीतून पापड मोडल्यासारखा बारीक आवाज आला. गर्दीत कुणाच्या लक्षातही आला नाही. दिनकररावांनी तळहात भिंतीवर ठेवला, क्षणभर तसाच धरला, आणि सगळ्यांसमोर मोठं चित्र उतरवून खाली टेकवलं.

"आबा, ये क्या कर रहे हो? सब देख रहे हैं."

त्यांनी खिशातून पत्ती काढली आणि भिंत खरवडायला लागले. दोन वर्षांची पुट्टी लांबच्या लांब सोलून खाली पडली. आत तिरकी फट होती. त्यांनी हात घातला, चार बोटं मुळापर्यंत आत गेली. हॉल गप्प झाला. त्या शांततेत फटीतून खालच्या दुकानातल्या सेल्समनचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "दीदी, इसमें और रंग भी हैं."

"खाली चला," दिनकरराव म्हणाले. "भिंतीला हात न लावता. एकेक करून. ही भेग दोन वर्षं मीच बुजवतोय."

सगळे उतरले. दुकानातली गिऱ्हाइकंही बाहेर काढली. ऐन लग्नसराईत धंदा बुडाला म्हणून दौलतसिंहांनी रस्त्यात उभं राहून आमचा उद्धार केला. आणि पडलं काहीच नाही. अर्धा तास सगळे मान वर करून इमारतीकडे बघत होते, मग कॉलेजची मुलं हसायला लागली. दिल्लीच्या बाईंना गाडी गाठायची होती. त्या सोनिकाला म्हणाल्या की पंधरा दिवसांत मूळ चित्रं दिल्लीला पाठव, समिती बघेल. दुसऱ्या दिवशी इंजिनियर आला, पुढच्या दाराला नोटीस लागली. टेकू देऊन भिंत उतरवायला तीन आठवडे लागणार होते, तोवर कुणी आत जायचं नाही. तेवीस चित्रं आतच राहिली.

सोनिका आजोबांना एवढंच म्हणाली, "दो साल से पता था? आणि मला त्याच भिंतीसमोर उभं केलंत?" मग ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. दोघं जेवायला शेजारी बसत, आणि विजयाबाई, म्हणजे तिची आजी, दोघांशी वेगवेगळं बोलत. हे मला विजयाबाईंनीच सांगितलं. म्हणाल्या, रोज हे घास हातात धरून तिच्याकडे बघत बसतात.

बाराव्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास दिनकरराव माझ्या घरी आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"ताई, मागच्या जिन्याची किल्ली तुमच्याकडेच आहे ना?"

कशाला हवी ते मला माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नाही म्हणायला एक शब्द लागतो. तो मला आला नाही. सोनिकाची संधी गेली तर त्याचा अर्धा दोष माझ्या माथी येईल, हे माझ्या मनात होतं. ते नव्हतं असं म्हणून मी सुटणार नाही. मी जुडग्यातून किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. "पूर्वेकडे जाऊ नका," म्हणाले.

"मोठं चित्र तिकडेच टेकवलंय ना," ते म्हणाले, आणि चपला घालून गेले.

भिंत साडेदहाच्या पुढेमागे खाली आली. दुकान बंद होतं म्हणून खाली कुणी नव्हतं. मागच्या बोळात शेजाऱ्यांच्या ओट्यावर बावीस चित्रं सापडली. तोंडाला तोंड लावून, मध्ये वर्तमानपत्र घालून, सुतळीने चार-चारचे पाच आणि दोनाचा एक असे गठ्ठे बांधलेले. एकालाही ओरखडा नव्हता. तेविसावं आणि ते आत, ढिगाऱ्याखाली होते.

सोनिकाने बावीस चित्रं दिल्लीला पाठवली. तिची निवड झाली. पुढच्या महिन्यात तिकडे तिचं प्रदर्शन आहे, आणि दारातून आत शिरल्यावर पहिल्या भिंतीवर तिला चित्र नको आहे. तिथे आबांवर लिहिलेला मजकूर लावायचा आहे. ते सांगायला ती परवा माझ्याकडे आली. "मावशी, तुम्हीच लिहा. जसे होते तसे. बढ़ा-चढ़ाकर कुछ मत लिखना." आजोबांशी ती बारा दिवस बोलली नव्हती, हे सांगताना रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

निघताना ती दारात थांबली. "एक बात समझ नहीं आई, मावशी. दाराला नोटीस होती. आबांकडे मागची किल्ली आली कशी?"

"जुनी असेल एखादी त्यांच्याकडे," मी म्हणाले.

"हाँ, वही होगा." ती वाकून माझ्या पाया पडली आणि गेली.

हा तोच मजकूर. उद्या ती न्यायला येणार आहे.