तिसऱ्या आग्रहाचे मोहनराव

वॉटफर्डच्या मोहन टिपणिसांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या विचारण्याला घेतलेली नाही. चहा म्हणू नका, खुर्ची म्हणू नका, शेवटचा लाडू म्हणू नका. कुणी विचारलं की आधी "छे छे, नको", मग "अहो, खरंच नको", आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, एवढं म्हणताय तर", असा त्यांचा ठरलेला क्रम. ठाण्याला हे कुणाला खटकत नसे, कारण तिथे विचारणाराही तीनदा विचारायच्या तयारीनेच येई. पंचाईत झाली ती बत्तिसाव्या वर्षी ते इंग्लंडला आले तेव्हा. इथली माणसं एकदाच विचारतात आणि नको म्हटलं की ते चक्क खरं मानतात.

कौन्सिलच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी एका भल्या बाईंनी चहा हवा का म्हणून विचारलं. मोहनराव "नो नो, थँक यू" म्हणाले आणि दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत बसले. बाईंनी चहाच्या यादीत त्यांच्या नावापुढे फुली मारली. ती यादी अकरा वर्षं किचनच्या दारावर होती, आणि अकरा वर्षं मोहनराव घरून थर्मास नेऊन टेबलाखाली वाकून चहा पीत होते. हर्नियाच्या ऑपरेशननंतर नर्सने वेदनेची गोळी देऊ का विचारलं, तेव्हाही तेच. पुढचे सहा तास त्यांनी उशीचा कोपरा चावत काढले.

त्यांच्या पत्नी नंदाताई मूळच्या नागपूरच्या. हवं असेल तर हो, नको असेल तर नाही, विषय संपला. मोहनराव त्यांना बघायला गेले तेव्हा नंदाताईंच्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का. "माझं कसलं काय, मोठ्यांनी ठरवावं," मोहनराव म्हणाले. पुन्हा विचारलं तर "तशी घाई नाही." वडील पाहुण्यांना निरोप द्यायला उठलेसुद्धा होते. नंदाताईंच्या मामांना तेच तेच विचारायची खोड होती, त्यांनी सहज तिसऱ्यांदा विचारलं आणि लग्न जमलं. आपला संसार मामाच्या खोडीवर उभा आहे, ही गोष्ट नंदाताईंनी चाळीस वर्षं विसरलेली नाही आणि विसरूही दिलेली नाही.

अशा या माणसाला अख्ख्या इंग्लंडात समजून घेणारा एकच माणूस भेटला, तो म्हणजे ओकादा. मोहनरावांच्या घरामागच्या रस्त्यावर ड्रायक्लीनरशेजारी त्यांचं सुशीचं छोटंसं दुकान आहे. काउंटरला सहा स्टुलं, मागे पांढऱ्या टोपीतले ओकादा. भाताची बोटभर मूद करायची, वर माशाचा काप ठेवायचा, हाताने दाबायचा आणि समोर सरकवायचा. मासा कच्चा असतो हे कळल्यावर नंदाताई म्हणाल्या होत्या, "शिजवायचाही कंटाळा?" पण मोहनराव जातीचे मासेखाऊ. कच्चा असला तरी मासा तो मासाच, म्हणून एका दुपारी ते आत शिरले.

पोट भरल्यावर ओकादांनी भाजलेल्या ईल माशाचा एक तुकडा आपणहून पुढे केला. मोहनराव सवयीने नको म्हणाले. ओकादांनी किंचित वाकून पुन्हा विचारलं. मोहनराव पुन्हा नको म्हणाले, पण आता त्यांची छाती धडधडू लागली होती. आणि ओकादांनी, देव त्यांचं भलं करो, तिसऱ्यांदा विचारलं. पुढच्या खेपेला मोहनराव त्यांच्यासाठी डबाभर कोथिंबीर वडी घेऊन गेले. ओकादांनी दोनदा हात हलवून नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा डबा दोन्ही हातांनी घेतला. हा माणूस आपल्यातला आहे, अशी मोहनरावांची तेव्हा खात्री पटली.

आता मुख्य गोष्ट. एका रविवारी त्यांच्या मुलीचा, सियाचा, लीड्सहून फोन आला. ती आणि तिचा नवरा अनिश एप्रिलमध्ये जपानला जाणार होते. "आई, बाबा, तुम्ही पण येणार?" तिचं वाक्य संपायच्या आत नंदाताई हो म्हणाल्या. मोहनराव म्हणाले, "छे छे, मी कशाला? तुम्ही जा, मजा करा."

"ओके बाबा, नो वरीज," सिया म्हणाली, आणि विषय संपला.

मोहनरावांचा तो आठवडा फार वाईट गेला. जायचं तर त्यांना इतकं होतं की ओकादांकडून ते जपानी 'धन्यवाद' घोकून आले होते आणि कुठल्या गावी कुठला मासा खायचा याची वहीत दोन पानं भरली होती. शेवटी न राहवून त्यांनी नंदाताईंना म्हटलं, "सियाने पुन्हा काही विचारलं नाही, नाही?"

"विचारणार नाही," नंदाताई म्हणाल्या. "जायचं असेल तर तुमच्या तोंडाने सांगा. चाळीस वर्षं मी तुमच्या वतीने हो म्हणतेय. दमले आता."

पुढच्या रविवारी सिया आली. तिकिटं त्याच दुपारी काढायची होती, तीन. त्याआधी जेवायला म्हणून तिघं ओकादांकडे गेले. सियाने काउंटरवर फोन ठेवला आणि खाता खाता फॉर्म भरू लागली. आईचं नाव, आईची जन्मतारीख. मोहनरावांना घास उतरेना.

ओकादांनी ईलचा तुकडा पुढे केला. "मोहन-सान, प्लीज."

"नो नो, इनफ."

"प्लीज, मोहन-सान."

"रिअली, नो."

"ओन्ली वन. प्लीज."

"वेल, इफ यू इन्सिस्ट," म्हणत मोहनरावांनी तुकडा तोंडात टाकला.

सियाचं बोट फोनवर थांबलं. "बाबा, तुम्ही दोनदा नो म्हणाले."

"ते म्हणायचं असतं. एकदम हो म्हटलं तर हावरटपणा दिसतो."

"म्हणजे तुमचा फर्स्ट दोन नो खरा नसतो?" सिया त्यांच्याकडे बघतच राहिली. "वेट. लहानपणी आइस्क्रीम व्हॅन यायची, मी विचारायची, बाबा तुम्हाला पाहिजे? तुम्ही नको म्हणायचे. तेव्हा पण पाहिजे होता?"

"दर वेळी," मोहनराव म्हणाले.

सियाने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "बाबा, जपानला येणार?"

मोहनरावांचा जीव भांड्यात पडला, पण तोंड कुठलं ऐकायला. मागच्या रविवारचं विचारणं त्यांच्या हिशेबी बाद झालं होतं, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. "छे छे, तुम्हा तरुणांत माझी कशाला अडचण."

"बाबा, येणार?"

"अगं, खरंच नको. उगाच तुम्हाला त्रास."

सिया पुन्हा तोंड उघडणार तोच नंदाताईंनी तिचा हात दाबला. "बस. तिसऱ्यांदा कुणी विचारायचं नाही. मामा आता नागपूरहून येणार नाहीये."

काउंटरमागे ओकादांची सुरी थांबली. मोहनराव आधी बशीकडे, मग फोनकडे बघू लागले. फॉर्मच्या तळाशी हिरवं बटण होतं आणि सियाचा अंगठा त्याच्या जवळच होता. चहाची यादी, उशीचा कोपरा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं.

"सिया," ते अगदी हळू म्हणाले, "अजून एकदा विचार ना गं."

नंदाताईंचा हात आपोआप सैल झाला. या माणसाने स्वतःहून काही मागितलेलं त्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होत्या.

"बाबा, येणार?" सियाचा आवाज जड झाला होता.

"बरं," मोहनराव म्हणाले, "तू एवढा आग्रहच करतेस तर."

ओकादांनी चौघांसाठी चहा ओतला आणि स्वतःचा पेला उचलला. सियाने चौथं नाव टाइप केलं. "खिडकीची सीट हवी?"

"छे छे, मला काय, कुठलीही चालेल."

सिया दुसऱ्यांदा विचारायला वळली, तोच नंदाताईंनी फोन आपल्याकडे ओढून घेतला. "खिडकीची टाक. आणि जेवणही आत्ताच सांगून ठेव," त्या म्हणाल्या. "चौदा तासांचं विमान आहे, आणि ती एअरहोस्टेस एकदाच विचारते."